लाल खुणेचा नळ
पाण्यात तापमापक बुडवला की मला दोह्याच्या बिन महमूद भागातले आमचे न्हाणीघर आठवते. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापे की निळ्या खुणेच्या नळाला चटके देणारे पाणी येई. म्हणून आई गीझर बंद ठेवी आणि त्यात निवलेले गार पाणी लाल खुणेच्या नळातून मिळे. ते साइटवरून भाजून येणाऱ्या बाबांसाठी राखलेले असे. एकदा शाळेतून आल्यावर मी ते सगळे संपवले, आणि गीझरमध्ये पुन्हा टाकीचेच पाणी भरले. "अगं, त्यांनी आता कशानं अंघोळ करायची?" आई ओरडली, पण बाबा तोवर आत गेले होते. लालबुंद होऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "खलास! चहापत्ती नेली असती तर सगळ्यांचा चहा झाला असता." आम्ही पोट धरून हसलो. मग मी बादलीत उरलेल्या पाण्यात शाळेच्या प्रयोगासाठी घेतलेला माझा काचेचा तापमापक गुपचूप बुडवला. पारा सेहेचाळीस अंशांवर थांबला, तसे माझे हसूही थांबले. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच बादली भरून निवायला ठेवली. "आज चहा नाही वाटतं!" अंघोळ करून आलेले बाबा म्हणाले. आता ते पुण्यात राहतात, तिथे निळ्या नळाला गारच पाणी येते. तरीही घरी गेल्यावर मी त्यांच्याआधी अंघोळ करत नाही.