तांब्याच्या बाटलीतलं सरबत

एका शनिवारी सकाळी, इथे परदेशात, आमच्या लोअर हट शहरातल्या नेटबॉल कोर्टावर मी दोन टीमच्या मिळून नऊ मोठ्या माणसांना ओकायला लावलं. त्यांच्या तब्येतीच्या काळजीपोटी.

सुरुवात मी केली नव्हती, हे आधी नोंदवून ठेवा. सुरुवात बाटलीनं केली. माझ्या दहा वर्षांच्या इराला आम्ही पाण्याची नवी जांभळी प्लास्टिकची बाटली घेतली. झाकण उघडलं की नव्या रेनकोटसारखा वास! आणि तळाशी ऐटीत लिहिलेलं, 'बीपीए फ्री'. आता मी पडलो केमिकल इंजिनिअर. (गेली बारा वर्षं फक्त सॉफ्टवेअर लिहितोय, पण डिग्री काही उडून जात नाही!) माझं डोकंच फिरलं. अरे, बीपीए नावाचं रसायन काढलंत, अभिनंदन. पण त्याच्या जागी घातलंत काय? रावण गेला म्हणता, पण गादीवर बिभीषण बसवलात की कुंभकर्ण, हे ग्राहकाला कळायला नको?

मी कंपनीला दोन पानी मेल लिहिली. उत्तर आलं, "किआ ओरा मिलिंद, थँक्स हीप्स!" म्हणजे इथल्या भाषेत नमस्कार आणि ढीगभर आभार. आणि सोबत पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट. मी विष विचारलं, त्यांनी वीस दिलं!

दुसरी मेल आणखी कडक लिहिली. पुन्हा थँक्स हीप्स. पुन्हा वीस!

"हा विश्वासघात आहे!" मी जेवणाच्या टेबलावर हात आपटला.

"इट्स जस्ट अ बॉटल, बाबा," इरा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, फक्त माझा संताप कळत नाही.

त्याच तिरीमिरीत मी घरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या बाटल्या काढून टाकल्या. बायको, म्हणजे मंजिरी, शांतपणे म्हणाली, "छान. आता पोरगी शाळेत पाणी कशातून नेणार? ओंजळीतून?"

पण माझ्याकडे उत्तर होतं. तांबं! आपल्या पूर्वजांचं, खात्रीचं, बिनवासाचं. पुढच्याच आठवड्यात आई पुण्याहून आमच्याकडे यायची होती. तिला फोन केला, "येताना तांब्याच्या सहा बाटल्या आण."

"सहा? पाणपोई काढतोयस का तिकडे?"

काढलीच म्हणायची! कारण नेमकी त्या शनिवारी, इराच्या मॅचच्या मध्यंतरात सगळ्यांना खाऊ द्यायची पाळी आमची होती. इतर पालक संत्र्याच्या फोडी आणतात. मी म्हटलं, फोडींनी समाज जागा होत नाही! शेजाऱ्यांच्या झाडाची पिशवीभर लिंबं घरात पडलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी मस्त लिंबू सरबत केलं आणि सहाही बाटल्या गच्च भरल्या. तांब्यात पाणी रात्रभर ठेवलं की त्यात गुण उतरतात म्हणतात ना? मग सरबतानं काय घोडं मारलंय? त्याच्यातही उतरू देत की! (आई प्रवासानं दमून सहालाच झोपली होती. नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.)

शनिवारी कडाक्याची थंडी. इराच्या टीमनं त्या हंगामात एकही मॅच जिंकली नव्हती, पण त्या दिवशी चक्क बरोबरी चालली होती. मध्यंतर झालं. मी बाटली उंच धरून भाषण ठोकलं. कंपन्या कशा फसवतात, लेबलवर कसा विश्वास ठेवू नये, आणि भारतीय माणसाला हे पूर्वीपासूनच कसं ठाऊक आहे! मुलींनी वास घेतला, "ईऽऽऊ!" म्हणाल्या आणि पळाल्या. दोन्ही टीमचे पालक, कोच, अंपायर बिचारे सभ्य. कागदी पेले पुढे करत राहिले.

आमच्या टीमचा कोच ग्रेग एक घोट घेऊन म्हणाला, "नाणं चोखल्यासारखं लागतंय, मेट."

"ती खनिजं!" मी म्हणालो, आणि उदाहरण घालून द्यायला दोन पेले घटाघट प्यायलो.

खेळ पुन्हा सुरू झाला. इराच्या टीमनं एक गोल केला. अंपायर बाई शिट्टी तोंडाशी नेता नेता थबकल्या, पांढऱ्या पडल्या आणि कुंपणाकडे धावल्या. त्यांच्या मागे ग्रेग. मग समोरच्या टीमची कोच. मग एकेक करत पालक. कुंपणाशी अक्षरशः रांग लागली! रांगेत सहावा मी.

तशाही अवस्थेत माझा संताप शाबूत होता. "पेले!" मी ओरडलो. "कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो! मी सांगत होतो ना!"

एवढ्यात मंजिरीच्या मागून, कानटोपी घातलेली आई आली. तिनं एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा बाटल्यांकडे.

"मिलिंदा, यात काय होतं रे?"

"लिंबू... सरबत..."

"तांब्यात लिंबू?" आईचा आवाज अख्ख्या कोर्टावर घुमला. "अरे, आतून कल्हई नाही त्याला! आंबट लागलं की तांबं उतरतं आणि मळमळतं. देवाची भांडी लिंबानं लख्ख कशी होतात, कधी पाहिलं नाहीस? आणि म्हणे केमिकल इंजिनिअर!"

मंजिरीनं आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन लावला. नर्सनं सगळं ऐकून घेतलं. साधं पाणी भरपूर प्या, तासा-दोन तासांत बरं वाटेल, नाहीच वाटलं तर डॉक्टरकडे जा, असं ती म्हणाली. शेवटी तिनं विचारलं, "ही बाटली विकत घेताना माहितीपत्रक नव्हतं का?"

होतं. आईनं ते पर्समधून काढलं. पहिलीच ओळ: आंबट पदार्थ ठेवू नयेत. मी ते वाचलं नव्हतं. लेबलवर माझा विश्वासच नाही ना!

दुपारपर्यंत सगळे ठणठणीत झाले. मी घरोघरी फोन करून माफी मागितली. लोक इतके भले, की प्रत्येकानं "नो वरीज" म्हटलं. ओरडलं कुणीच नाही, आणि त्यानं तर मला जास्तच मेल्यासारखं झालं.

मॅच मात्र तिथेच थांबवावी लागली होती, आणि थांबवली तेव्हा आमच्या मुली एका गोलनं पुढे होत्या. हंगामातला पहिला विजय! दर मॅचनंतर मुली मतदान करून 'प्लेअर ऑफ द डे'चं प्रमाणपत्र देतात. त्या दिवशी एकमतानं ते मला मिळालं. कारणाच्या जागी इरानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'भक्कम बचाव. समोरच्यांचा एकही मोठा माणूस उभा राहिला नाही.'

आईनं ते फ्रिजवर लावलंय. शाळा-कॉलेजात मला खेळाचं एकही बक्षीस मिळालं नव्हतं. चाळिशीत मिळालं, तेही कोर्टावर पाऊल न ठेवता!