आंतोन मास्तरांनी शिकवलेलं त्रैक्य

आंतोन मास्तर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी घाटकोपरच्या शाळेत चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. माझा मावसभाऊ रॉकी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं तशी त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि मला कळायचं ते कळलं. ‘‘मास्तर गेले, सकाळीच. येशील ना?’’ त्याने विचारलं. त्या प्रश्नाचं मला नवल वाटलं नाही. सगळ्या गावात मी एकटीच अशी होते, जिला हे विचारावं लागत होतं. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, हेडमास्तरांना सांगितलं आणि निघाले. मातीला गेले, मूठभर मातीही टाकली. रडू मात्र आलं नाही.

आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. मास्तरांविषयी लिहायचं तर त्यांचं चांगलं आधी लिहायला हवं, कारण ते खरं आहे आणि ते पुष्कळ आहे. मुलुंड आणि विक्रोळीच्या मधलं आमचं गावठाण. खुरसाभोवतीची, म्हणजे गावच्या क्रुसाभोवतीची, तीस-पस्तीस घरं, मागे भाताची शेतं, त्यापलीकडे खाडीची तिवरं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक, घरात मराठी बोलणारे. मास्तरांची दोन बिघे शेती होती, विक्रोळीच्या एका नव्या कारखान्याच्या गोदामात कारकुनी होती, आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चर्चच्या पडवीत ते आम्हा मुलांना धर्मशिकवण देत. माझे वडील मी सात वर्षांची असताना गेले. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मास्तर सृष्टीचा धडा घेत होते. सुताराला लाकूड लागतं, कुंभाराला माती लागते, पण देवाला काहीच लागलं नाही, काही नव्हतंच, त्याने नुसतं म्हटलं ‘होवो’ आणि झालं… असं ते सांगत होते. मी कोपऱ्यात बसून होते. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, ‘‘मार्था, एक गोष्ट ध्यानात ठेव बाय. देवाला कशाचीच गरज नव्हती. तू नसतीस तरी त्याचं काही अडलं नसतं. तरी तू आहेस. म्हणजे तू हवी होतीस.’’ बाप गेलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटलं असेल ते मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना बापाच्या जागी मानलं.

पुढे मी शिकले, ट्रेनिंग घेतलं, आणि मास्तरांनीच फादरांकडे शब्द टाकून रविवारच्या लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे दिला. गावच्या शाळेत जूनमध्ये एक जागा रिकामी होणार होती, तीही मलाच मिळेल असं बोललं जात होतं. आई तर लोकांना सांगूनही बसली होती.

त्रैक्य हा शब्द या पुरवणीच्या पुष्कळ वाचकांना परका असेल, म्हणून सांगते. आम्ही मानतो की देव एकच आहे, आणि त्या एका देवात तीन व्यक्ती आहेत: बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन देव नव्हेत, आणि एकाच व्यक्तीची तीन नावंही नव्हेत. हे मोठ्यामोठ्यांना उमगत नाही, तर आठ वर्षांच्या पोरांना कसं सांगायचं? मास्तरांनी त्यावर स्वतःची एक तोड काढली होती. ते म्हणत, ‘‘माझ्याकडे बघा. मी शेतात गेलो की शेतकरी, कारखान्यात गेलो की कारकून, इथे आलो की मास्तर. किती झाले? तीन. पण आंतोन किती? एकच ना? झालं तर मग!’’ मुलं खूश होऊन टाळ्या पिटत. मीही पिटल्या होत्या. माझ्याकडे वर्ग आल्यावर मीही त्यांचंच उदाहरण देऊ लागले, त्यांचंच नाव घेऊन.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मुलांची परीक्षा घ्यायला बाहेरगावचे एक विद्वान फादर आले. आमच्याकडे ही परीक्षा म्हणजे एक सोहळाच असतो. मिस्सेनंतर सगळं गाव पडवीत उभं होतं, बाया लुगडी नेसून, पुरुष कोट चढवून. फादरांनी त्रैक्याचा प्रश्न विचारला आणि माझ्या वर्गातल्या फिलोमिनाने खणखणीत आवाजात शेतकरी, कारकून आणि मास्तर म्हणून दाखवलं. लोक हसले. फादर मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, ‘‘बाळ, येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो पाण्यात उभा होता, आत्मा कबुतराच्या रूपाने वरून उतरत होता आणि बापाची वाणी आकाशातून आली. तिघेही एकाच वेळी. तुझा हा कारकून कारखान्यात असताना शेतात कोण असतो?’’ मग ते आमच्या फादरांकडे वळून म्हणाले, की हे चुकीचं तर आहेच, पण ही चूक फार जुनी आहे. एकच नट तीन मुखवटे घालतो तसा देव ठरतो यात. बाप पुत्रावर प्रेम करतो या म्हणण्याला मग अर्थच उरत नाही. ‘‘हे यांना कोणी शिकवलं?’’

मुलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्यापासून चार हातांवर उभे होते. मला भीती वाटलीच नाही. ते आता पुढे होतील, हसतील आणि म्हणतील, फादर, ही चूक माझी, या मुलीची नव्हे… मला तशी खात्रीच होती.

मास्तर म्हणाले, ‘‘मार्था अजून नवी आहे, फादर. मी तिला बजावलं होतं, पुस्तकाबाहेर जाऊ नको म्हणून.’’

आजही लोक विचारतील, तू का बोलली नाहीस? बापाला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून माझा वर्ग काढून घेतला. जूनमध्ये शाळेतली जागा दुसरीला मिळाली, आणि मी घाटकोपरची नोकरी धरली. आई कित्येक दिवस नळावर जायचं टाळत होती. मास्तर आज येतील, उद्या येतील, निदान एवढं तरी म्हणतील की मार्था, चुकलं माझं… म्हणून मी वाट पाहिली. ते आले नाहीत. चर्चच्या पायऱ्यांवर भेटले की टोपीला हात लावत आणि पुढे जात.

कारण मला नंतर कळलं. त्यांचा मुलगा पास्कू तेव्हा सेमिनरीत होता, पाद्री व्हायला. चुकीचं शिकवणारा बाप म्हणून आपलं नाव झालं तर मुलाच्या वाटेत काटे येतील, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. आमचा सगळा धर्म ज्यावर उभा आहे ती गोष्ट अशी, की बापाने आपला पुत्र दिला. मास्तरांनी आपला पुत्र सांभाळला आणि दुसऱ्याची मुलगी दिली.

ते आजारी पडले तेव्हा आईने आग्रह केला म्हणून एकदा भेटायला गेले. दमा फार वाढला होता. बाजेवर उशांना टेकून बसले होते. मला पाहून म्हणाले, ‘‘घाटकोपरला जीव रमला का गं?’’ मी म्हटलं, रमला. मग ते उशांवर जरा सावरून बसले. ‘‘मार्था, त्या दिवशी…’’ एवढं म्हणाले आणि खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. ते प्यायले, डोळे मिटले. मी अर्धा तास बसून राहिले. त्यांनी डोळे उघडले, खिडकीबाहेर पाहिलं, शेतात यंदा पेरणीआधी राब नीट भाजला नाही म्हणाले.

मास्तर गेल्याला महिना झाला, त्या मिस्सेसाठी पास्कू आला. आता तो फादर पास्कू आहे, पण मला जुनंच नाव येतं तोंडात. आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला आणि ओटीवर उभ्या उभ्याच म्हणाला, ‘‘बाबांनी मला सांगितलं होतं. ते उदाहरण त्यांचंच होतं.’’

‘‘कधी सांगितलं?’’

‘‘माझी दीक्षा झाली त्या वर्षी. तुझं बरं चाललं होतं. म्हटलं, जुनं आता कशाला उकरायचं…’’

‘‘मग उद्या वेदीवरून सांग,’’ मी म्हटलं.

‘‘अगं, मेलेल्या माणसाबद्दल असं कसं सांगू?’’

‘‘मेलेल्याबद्दल नको सांगू. माझ्याबद्दल सांग. मी जिवंत आहे.’’

त्याने सांगितलं, हे त्याचं मोठेपण. प्रवचनाच्या शेवटी दोनच वाक्यं, खाली मान घालून. चर्चमध्ये कोणी हललं नाही. मला वाटलं होतं छातीवरचा दगड उतरेल. बाहेर आल्यावर पडवीत जेवणाची पंगत बसत होती, आणि साबिनाकाकी, म्हणजे फिलोमिनाची आजी, माझा हात धरून मायेने म्हणाली, ‘‘बरं झालं बाय, पोराने बोलून टाकलं. आम्हाला तर ठाऊकच होतं.’’

‘‘काय ठाऊक होतं, काकी?’’

‘‘तू नव्हतं काढलंस ते. माझ्या सगळ्या पोरांना मास्तरांनीच शिकवलं ना! शेतकरी, कारकून, मास्तर… सगळ्या गावाला पाठ आहे ते.’’

इतकी साधी गोष्ट. त्या दिवशी पडवीत उभे असलेले अर्धेअधिक लोक मास्तरांचेच विद्यार्थी. जे हसले, ते ओळखीचं ऐकून हसले होते. फादरांनी ‘कोणी शिकवलं’ विचारलं तेव्हा उत्तर एकूण एकाच्या ओठांवर असेल, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. रॉकीनेसुद्धा. पाच वर्षं मी एकाच माणसावर रागावले होते. मला तो राग एवढा पुरला, की बाकीच्यांकडे पाहायचं राहूनच गेलं. पंगतीत न बसता मी घरी आले.

आता गावात मी रविवारपुरती जाते. मिस्सेला बाकापाशी आले की सगळे कपाळ, छाती, खांदे असा झटकन खुरूस काढून मोकळे होतात. मला ते जमत नाही. मास्तरांनी आम्हाला खुरूस काढायला शिकवला तो सावकाश. कपाळाला बोटं लावून थांबायचं, बापाच्या… छातीला लावून थांबायचं, पुत्राच्या… माश्या हाकलतोय असा हात नाचवायचा नाही, म्हणत. गेल्या रविवारी मी ठरवून इतरांसारखा भरभर काढायला गेले. हात कपाळाशी गेला आणि आपोआप थांबला. आजूबाजूचे सगळे खाली बसले होते, मी एकटीच उभी होते, आणि हात त्याच्या वेळेनेच खाली आला.