बावखलाचे कोपरे

वसंतभावजी गुरुवारी सकाळी अकरा वाजता गेले. त्यांचं घर आमच्या वाडीच्या पलीकडच्या टोकाला आहे. मला कळलं ते दुपारी, मोगरा बाजारात पोचवून परतणाऱ्या शेजारणीकडून. "बाई, तुमचे दीर गेले ना? तुमाला कोनी सांगितलं नाय?" कोणी सांगितलं नव्हतं. ज्या घराशी आपण आठ वर्षं बोललो नाही, त्या घराकडून निरोपाची अपेक्षा धरणं चूकच... तरी राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असेल तर मला लिहिता येणार नाही.

भावजी ड्राफ्ट्समन होते. जन्मभर इमारतींचे आराखडे काढले आणि निवृत्तीनंतर गच्चीवर दुर्बीण बसवली. मी ग्रंथपाल होते. आमच्या गास गावात आम्हा दोघांखेरीज चंद्राच्या विवरांवर बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांना सहन केलं. अष्टमीच्या सुमारास चंद्र अर्धा असतो, विवरांच्या सावल्या लांब पडतात. त्या दिवशी दिवेलागणीला हाक यायची, "वहिनी, चष्मा घेऊन या. पुस्तक नको."

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मला एक विवर दाखवलं आणि म्हणाले, "सहा कोपरे आहेत. मोजा."

"वरून दगड आदळला तर खड्डा गोलच पडणार. कोपरे कुठून येतील? सावल्यांचा भास आहे तो," मी म्हटलं. "पट्टी धरून जन्म काढलात भावजी, तुम्हाला भाकरीलाही कोपरे दिसतील."

"तुमच्या भाकरीला असतातच."

खाली अंगणात त्यांची मुलगी नेहा खो खो हसली. मी हसले नाही. पुढे प्रत्येक लग्नकार्यात त्यांनी हा किस्सा चार माणसांत सांगितला. "या आमच्या छापील वहिनी. छापून आल्याशिवाय यांना समोरचं दिसत नाही." लोक हसत. भावजींना वाद जिंकायला आवडायचा, त्याहून जास्त समोरच्याला हरलेलं पाहायला आवडायचं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या वाडीत बावखल होतं. पावसाचं पाणी साठवून वर्षभर केळी, पानवेल, फुलझाडं शिंपायची, त्यासाठी खणलेलं तळं. आजेसासऱ्यांनी ते गोल खणलं होतं, असं घरात सगळेच सांगत. एका सकाळी भावजींनी मला काठावर उभं केलं आणि बांबूने दाखवत गेले. काठ जागोजाग ढासळला होता, पण वेडावाकडा नव्हे, सरळ. जिथून पूर्वी पाट जात होते, तिथे माती आधीच चिरलेली होती आणि काठ त्याच रेघेवर सुटला होता. गोल तळ्याला कोपरे आले होते. "खड्डा दगड पाडतो वहिनी. कोपरे जमीन पाडते. वर चंद्रावरही खडक आधीच तडकलेला असणार." मी म्हटलं, बावखल म्हणजे चंद्र नव्हे. पण उत्तर लंगडं आहे हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. त्यांनी काठाचा नकाशा काढायला घेतला.

तो पुरा झाला नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते नेहाकडे, एव्हरशाईन सिटीत गेले होते, त्या आठवड्यात मी बावखल बुजवलं. ते माझ्या हिश्शात होतं. मुलाला गाडी लावायला जागा हवी होती. काळा चष्मा लावलेले भावजी परत आले, ताज्या मातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हरत होतात म्हणून पुरावा बुजवलात."

"गाडी कुठे लावू? तुमच्या चंद्रावर?"

ते आमचं शेवटचं बोलणं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की गाडीसाठी दुसरी जागाच नव्हती. होती. मुलाने विहिरीमागची जागा सुचवली होती. बावखल मी सुचवलं.

दोन वर्षांनी ग्रंथालयात नवं पुस्तक आलं. त्यात सरळ लिहिलं होतं की काही विवरं खरोखर बहुकोनी असतात. कवचात आधीपासून भेगा असतात आणि विवराची कड त्या भेगांवर सुटते. अगदी छापून आलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि जागेवर ठेवलं. माझ्या दारापासून दोनशे पावलांवर त्यांचं घर होतं. मी गेले नाही. ते गच्चीवर दिसले की मला वाटे, आधी त्यांनी हाक मारावी...

तेराव्याला मी गेले, त्या पानाची झेरॉक्स घेऊन. नेहाने उभ्यानेच वाचली.

"हे कधीपासून माहिती होतं, काकू?"

"सहा वर्षं."

"मग आता मला कशाला सांगताय?" तिने कागद परत माझ्या हातात दिला. "पप्पा रोज फोनवर विचारायचे, वहिनी तुला काही म्हणाल्या का. रोज. मी नाही म्हणायचे."

मी कागदाची घडी घातली. चहाही कुणी विचारला नाही, आणि ते बरोबरच झालं.

बुजवलेल्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. या पावसात खालची भर दबली आणि कडेचे ब्लॉक खचले. आधी एक सरळ रेघ, मग एक कोपरा, मग दुसरी रेघ आणि दुसरा कोपरा. मुलगा म्हणाला, माणूस बोलावून सारखं करून घेऊ. मी नको म्हटलं. गाडी तो आता विहिरीमागे लावतो. खचलेले दोन कोपरे तसेच आहेत.