कोरी खापरोळी

सुनंदावैनीने चोरून खापरोळ्या खाल्ल्या नव्हत्या.

आमचं अख्खं घर दीड वर्षाहून जास्त काळ खाल्ल्या असंच मानत आलंय. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक गेली.

आज तिचं वर्षश्राद्ध. मी मुंबईत, ड्युटीवर. सकाळी आचऱ्याहून पुतणीचा, मेघनाचा फोन आला.

"काका, आईच्या पानात खापरोळ्या वाढतेय. बाबा म्हणाले, तिला एवढ्या आवडायच्या की चोरून खाऊन हॉस्पिटल गाठलं."

ती हसली. मीही हसलो. फोन ठेवला आणि मग बसवेना.

आमच्याकडच्या नसलेल्यांसाठी: खापरोळी म्हणजे जाड, जाळीदार घावन, नारळाच्या गोड रसात बुडवलेलं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही नऊ जण किनाऱ्यावर सुरूच्या बनात तंबू ठोकून तीन दिवस राहिलो. घर सहा किलोमीटरवर असताना वाळूत झोपायला जाणारी माणसं वेडीच. पण ते वेड वैनीचं.

मी आणि दादा, म्हणजे तिचा नवरा, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. तिने दोघांना वेगवेगळा फोन केला. "घरात बसलास तर भांडशात. भायर चला."

खाण्याचा प्लॅन तिचा. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला. नियम एकच: "जां आधी नासता, तां आधी खावचां."

पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दुपारी सुरमई. दुसऱ्या सकाळी खापरोळ्या, कारण भिजवलेलं पीठ थांबत नाही. शेवटच्या दिवशी सुका बांगडा, कुळथाची पिठी, भात. ओलं वाटप अजिबात नाही. सुकं खोबरं भाजून केलेला मसाला, बाटलीत.

बर्फाच्या पेट्या दोन. मोठी निळी माशांची. छोटी पांढरी दुधाची आणि तिच्या इन्सुलिनची. इन्सुलिनची बाटली नॅपकिनात गुंडाळून वरच्या कप्प्यात, बर्फाला न लागता.

गाडीत सामान मी भरलं.

माझ्या दोन फोल्डिंग खुर्च्या मावेनात. म्हणून पांढरी पेटी घरीच ठेवली आणि सगळं निळीत कोंबलं. त्यात जेटीवर एक ओळखीचा म्हणाला, "बर्फात मूठभर जाडां मीठ मार. मासो दगड होतलो."

मी दोन मुठी मारल्या.

मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो. कुल्फीवाल्यालासुद्धा हे माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनीने इन्सुलिन काढलं. आत बर्फाचे खडे. तिने बाटली तळहातांत चोळली, उन्हात धरली.

"भावजी, पेटी एकच हाडलास काय?"

"जागा नव्हती, वैनी."

"खुर्चेक होती." ती हसली. "बघा, सुटलां आता. चलतला मा?"

आमच्या पेपरची आरोग्य पुरवणी मी चार वर्षं सांभाळली आहे. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळलं तरी निकामी, वापरायचं नाही, हे वाक्य मी स्वतः छापायला पाठवलेलं आहे.

"चलतला," मी म्हणालो.

घरात दुसरी बाटली नव्हती. नाही म्हटलं असतं तर कोणाला तरी मालवणला पळावं लागलं असतं, आणि दादाने कारण विचारलं असतं. आम्ही आदल्याच दिवशी बोलायला लागलो होतो.

तिने तेच टोचून घेतलं. मग खापरोळ्या झाल्या. तिने सगळ्यांना रसात बुडवून वाढल्या, आग्रह करकरून.

स्वतःला एक. कोरी. चटणीबरोबर.

तिसऱ्या दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. जीभ कोरडी, बोलणं जड. हॉस्पिटलात शुगर बघून डॉक्टर चमकले. "काय खाल्लंत?"

दादा शेजारी उभा होता. तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"खापरोळ्या," ती म्हणाली. "चोरून. रसासकट."

चार दिवसांनी ती बरी होऊन घरी आली आणि दादाला आयुष्यभराचा विनोद मिळाला. घरात गोड शिजलं की, "रसाचो टोप लपवा रे, चोर इली!"

सगळे हसायचे. तीही हसायची. तेव्हा माझ्याकडे मात्र कधी बघायची नाही. तेवढी सवलत तिने मला दिली.

एकदा मी धीर केला. ती कुळीथ निवडत होती.

"वैनी, मी दादाक खरां काय तां सांगतंय."

"तुमी दोघा बोलतास मा?"

"हो."

"मगे गप रवा."

मी गप्प राहिलो. मला ते सोयीचंच होतं.

त्या सहलीनंतर आठ महिन्यांनी ती गेली. हार्ट. डॉक्टर म्हणाले, त्या दोन दिवसांचा याच्याशी संबंध नाही. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर मिळालं. बरं वाटलं नाही.

तेराव्याला पंगतीत कोणीतरी बोललं, "साखर होती, पण तोंडावर ताबो नाय."

मी पाण्याचे पेले भरत होतो. भरत राहिलो.

जन्मभर जिने पथ्य मोडलं नाही, तिच्याबद्दल हे बोललं गेलं, आणि मी पेले भरत राहिलो.

आमच्या धंद्यात नियम आहे. चूक जिथे छापली, तिथेच दुरुस्ती छापायची. अख्खं घर फेसबुकवर आहे, म्हणून इथे लिहितोय. दादाला दोनदा फोन लावला, तो विधीला बसलाय. आणि खरं सांगायचं तर फोनवर मी पुन्हा दुसरंच काहीतरी बोललो असतो.

दादा, पेटी मी घरी ठेवली. मीठ मी टाकलं. "चलतला" मी म्हणालो.

भांडायचं तेवढं भांड. पण बोलणं टाकू नको. ते तिने जमवलेलं आहे.

मेघना, पान अजून वाढलं नसशील तर ऐक.

खापरोळी ठेव. एकच. रस नको.

तुझी आई कोरी खायची.

वैनी, नमस्कार करतो. तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतं. तेवढं एक मोडलं.