मंगळसूत्रातल्या चार पिना आणि सपाट मोटर

माणसाची झोप उडायला कारण मोठंच लागतं असं नाही हं. माझी उडाली ती सहा वर्षांच्या प्राजूच्या जिभेपायी.

ही पोरगी काय ऐकेल आणि कुठे नेऊन ओतेल, नेम नाही. सांगलीला, विश्रामबागेत माझ्या माहेरी, भर पंगतीत माझ्या वहिनीला म्हणाली, "मामी, तुझ्या आमटीत आईला डाळ सापडतच नाही." त्यानंतर दोन दिवाळ्या वहिनीनं मला आमटी म्हणून नुसती डाळ वाढली!

आणि आता हीच पोरगी खंडेनवमीला माझ्या कारखान्यात येणार होती. त्या दिवशी यंत्रांची पूजा, आणि सगळ्यांच्या घरची माणसं बघायला.

मी साताऱ्याहून रोज शिरवळला जाते. इंजिनियर आहे, पण अजून कायम न झालेली. विसावं शतक संपत आलं, तरी मशीनवर बाई दिसली की लोक वाकून बघतात. आम्हाला बारीक भाग मोजायचं एक टेबल बनवायचं होतं. केसाच्याही अंशाएवढं नेमकं सरकायला हवं. ते सरकवायचं कशानं? एक स्क्रूवालं: मोटर फिरते, लांब स्क्रू फिरतो, टेबल पुढे जातं. दुसरी लिनिअर मोटर: गोल मोटर उलगडून सतरंजीसारखी सपाट अंथरलीय असं समजा. खाली चुंबकांची पट्टी, वर टेबल. मधे स्क्रू नाही, घासणं नाही. सुळ्ळकन पळते! दोन्ही नमुने शेजारी मांडलेले. पूजा झाली की दोन्ही चालवायचे आणि कोणता घ्यायचा ते मी मोठ्या साहेबांना सांगायचं. माझं कायम होणं त्यावर.

आठवडाभर पोळ्या लाटताना मी पाठ करत होते. "स्क्रू सावकाश, पण वीज गेली तरी टेबल जागेवर धरून ठेवतो. लिनिअर मोटर चपळ, पण वीज गेली की काही म्हणता काही धरून ठेवत नाही." आणि मग वैतागून, "सांगतेय कुणाला मी! साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही!"

मागे वळले, तर प्राजू. ऐकतेय.

आता उडेल नाही तर काय होईल झोपेचं? रोज बजावलं, "तिथे मला विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं." तिचं 'कळलं' मला आजवर कळलेलं नाही.

खंडेनवमी उजाडली. मी दारात ताट घेऊन उभी. "घड्याळं काढा, किल्ल्या काढा! ते चुंबक साधं नाही, बोट चेंगरेल!"

बाबूराव, आमचे सगळ्यात जुने कारागीर, म्हणाले, "आवं बाई, पट्ट्याचं बक्कल?"

"तेही!"

बिचारे एका हातानं पँट धरून पूजेला उभे राहिले.

"पूजा बाईंच्या हातून होऊ दे," साहेब म्हणाले. मेन स्विच बंद. टेबल एका टोकाला सरकवलेलं, चुंबकाची पट्टी उघडी. मी ताम्हन घेऊन वाकले. हळद लावली, कुंकू लावलं आणि...

खट्!

मान वर येईना.

मला सांगा, कुठली बाई मंगळसूत्रात सेफ्टी पिना अडकवत नाही? पदराला लागते, पोरीच्या फ्रॉकला लागते. माझ्या आखूड मंगळसूत्रात चार होत्या. अख्ख्या कारखान्याचं लोखंड उतरवलं, आणि स्वतःचं गळ्यात घालून आले!

हिसका मारावा, तर मंगळसूत्र तुटणार. नवमीच्या दिवशी, सगळ्यांदेखत! न मारावा, तर साहेब स्विच टाकणार. ते टेबल आवाज न करता येतं आणि वाटेत माझं डोकं. वेग मीच मोजलेला!

"थांबा," मी म्हणाले. पण खाली तोंड करून काहीही म्हणा, मंत्रच वाटतो.

"बाईंची लय भक्ती हाय गड्या," मागून कुणीतरी कुजबुजलं. भक्ती जांभईसारखी असते. बाबूरावांनी मान झुकवली, मग सगळ्या रांगेनं, मग साहेबांनीसुद्धा. मी उठेना, म्हणून कुणीच उठेना!

शेवटी नारळ फुटला. "चला, करू सुरू." साहेबांचे पाय स्विचकडे वळले.

मी डोळे तिरपे केले, तर शेजारी प्राजू. तिला सगळं दिसत होतं, पिनासुद्धा. आणि ही ओठांवर बोट ठेवून उभी! शहाणी गं माझी बाय!

"प्राजू, ओरड!"

तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"अगं, मी सांगतेय ना! बोल!"

"आई चिकटलीऽऽ!"

साहेबांचा हात हवेतच थांबला. बाबूराव धावले, पँट धरून. मी घाबरून मान ओढायला लागले.

"वढू नगा बाई! तुमीच शिकिवलंय न्हवं? चुंबकावरनं वढायचं नसतंय, कडंला सरकवायचं!"

त्यांनी पिना पट्टीच्या कडेपर्यंत सरकवत नेल्या. पिनांमागून मंगळसूत्र, मंगळसूत्रामागून मी, खेकड्यासारखी. सुटले!

उभी राहिले. नाकाला कुंकू. कुणी हसेना, सगळे साहेबांकडे बघतायत. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

प्राजूला मात्र वेगळीच शंका. "पण आई, तू तर म्हणायचीस, वीज गेली की ही काहीच धरून ठेवत नाही!"

साहेब आधी खोकले, मग पोट धरून हसले. प्राजूसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बरोब्बर पकडलंस! आणखी काय काय म्हणते गं आई घरी?"

मी डोळे गच्च मिटून घेतले. पण पोरगी गुणाची, बजावलेलं विसरली नव्हती. आधी माझ्याकडे वळली आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं,

"आई, ते 'साहेबांना ओ की ठो कळत नाही'वालं सांगू का नको?"