बंद पडली नाही, बंद केली

पिकअपच्या हौद्यात वाळू साचते, तसे हे किस्से साचले आहेत. रोज झाडा, पाण्याने धुवा, कोपऱ्यात मूठभर राहतेच. शुक्रवारी बहरीनमधल्या गुदैबियातल्या हॉटेलात आम्ही गावाकडची माणसं चहाला बसतो. कुणीतरी म्हणतं, "काका, गाडीचा एखादा सांगा." मी म्हणतो, मला सांगता येत नाही. मग सांगतो.

फक्त गेल्या हिवाळ्यातले सांगतो. जुने काढले तर चहा गार होईल.

आधी गाडी समजून घ्या. जुनी डिझेल पिकअप. रंग पांढरा होता, आता वाळूचा आहे. आमचा धंदा तंबूंचा. थंडी पडली की इथली माणसं साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. तंबू, गालिचे, जनरेटर, पाण्याची टाकी, सगळं सनद गावच्या गोदामातून मी पोचवतो. धंदा काय तो हिवाळ्यातच.

मालक अबू खालिद. हंगाम सुरू होताना त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि त्याच्या हिंदीत म्हणाला, "ये गाडी एक बार रिकव्हरी पे आया, खलास. स्क्रॅप."

रिकव्हरी म्हणजे बंद गाड्या पाठीवर घालून नेणारा ट्रक.

"और मैं?" मी विचारलं.

"तुम भी खलास. मुल्क जाओ. नया गाडी, नया ड्रायव्हर."

माझ्या वयाच्या माणसाला इथे दुसरा कुणी व्हिसा देत नाही. हे त्याला माहीत होतं, मलाही. गावी जायची मला भीती नाही. लांज्याजवळ घर आहे, माणसं आहेत. पण काढून टाकला म्हणून जायचं नव्हतं. जाईन तेव्हा मी सांगेन आणि जाईन. मी "ठीक" म्हणालो आणि बॉनेट उघडलं.

गोदामाचा स्टोअरकीपर इक्बाल, श्रीवर्धनचा. वयाने माझ्याहून बराच लहान, तोंडाने बराच मोठा. तो म्हणाला, "काय वो काका, तुमचं नि म्हातारीचं मॉडेल एकच. एकाला स्क्रॅप केलं तर दुसऱ्याला पार्ट कुठून आणायचे?"

"तिला म्हातारी म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"गाडी."

* * *

जुन्या डिझेल गाडीला थंडीत सकाळी चावी अर्धी फिरवून थांबावं लागतं. आत हीटर प्लग तापतात. तापले की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो, मग सेल्फ मारायचा. आमच्या गाडीतला तो दिवा कधीच गेला. म्हणून मी गाऱ्हाणं घालतो. गावच्या देवाला घालतात तसं. गाऱ्हाणं संपेपर्यंत प्लग बरोबर तापतात.

पहिल्या थंडीला मालकाचा मुलगा खालिद लवकर आला. माझ्या आधी गाडीत बसला आणि सेल्फवर सेल्फ मारत सुटला. गाडी नुसती खोकत राहिली. तो उतरला आणि दोन्ही हात झटकून म्हणाला, "मफी. कुछ नहीं. मर गया." वडिलांना फोन लावायला त्याने मोबाइलही काढला.

मी त्याला बाजूला केलं. बसलो. चावी अर्धी फिरवली आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही गाडी परक्या मुलखात चालते, हिला वाटेत थांबवू नको..."

इक्बाल दारात हात बांधून उभा. माझ्या गावाशेजारी वाढलेला नसला तरी माझ्याकडून हे शिकला आहे. प्रत्येक वाक्याला म्हणत होता, "व्हय म्हाराजा."

शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला मी चावी पुढे नेली. गाडीने पांढरा धूर सोडला आणि लागली.

खालिदने इक्बालला विचारलं, "ये क्या पढा?"

इक्बाल म्हणाला, "पासवर्ड."

दुसऱ्या दिवशी मी आलो तर खालिद आत बसलेला. मोबाइलमधून माझाच आवाज येत होता, बा देवा म्हाराजा. आदल्या दिवशी त्याने रेकॉर्ड केला होता. अख्खं गाऱ्हाणं त्याने शांतपणे ऐकवलं. मग सेल्फ मारला. गाडी खोकली.

मी खिडकीतून पाहिलं. गाऱ्हाणं चालू असताना चावी भोकात नव्हती, त्याच्या हातात होती.

* * *

बहरीन तळहातासारखं सपाट. आमच्या गोदामापुढे मात्र सामान चढवायला सिमेंटचा एक उतार आहे. बॅटरी थंडीत दमते, म्हणून मी गाडी रोज त्या उतारावर तोंड खाली करून लावतो. नाही लागली तर सोडायची, दुसरा गिअर, क्लच सोडायचा. लागते.

इक्बाल सगळ्यांना सांगत असतो, "अख्ख्या बहरीनमध्ये एकच घाट. तो काकांच्या नावावर."

एकदा सकाळी एका गिऱ्हाइकाने त्याची लांबलचक गाडी बरोबर उताराच्या पायथ्याशी आडवी लावली आणि आत बसून फोनवर बोलत राहिला. मी काच वाजवली. त्याने न बघता पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

साखीरला माणसं तंबूची वाट बघत होती. मी वर गेलो, पिकअपमध्ये बसलो आणि हँडब्रेक सोडला.

गाडी आवाज न करता निघाली. त्याने मान वर केली. त्याची गाडी एवढ्या चपळाईने पुढे गेलेली मी परत कधी पाहिली नाही. मी क्लच सोडला, इंजिन लागलं, त्याच्या बाजूने हात करून गेलो.

संध्याकाळी इक्बालने विचारलं, "काका, ब्रेक होता ना?"

"होता."

"लावणार होतात ना?"

"तो हलला ना."

* * *

हा किस्सा मुहर्रक शहरातला. इक्बाल सोबत होता. गालिचे पोचवून परत येताना पुलाच्या अलीकडे गाडी गचके खाऊ लागली. मला कळलं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की थंडीत आतून दव धरतं, पाणी डिझेलमध्ये उतरतं आणि फिल्टरमध्ये बसतं. मी टाकी भरून मागितली होती, मालकाने अर्धीच भरू दिली होती.

आणखी दोन गचके आणि इंजिन मेलं असतं. त्याच्या आधी मी स्वतः चावी बंद केली आणि गाडी वेगात होती तोवर कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल केला, पाणी काढलं, स्क्रू आवळला. वरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबत राहिलो. एवढ्यात इक्बालचा फोन वाजला. अबू खालिद. पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी उघडं बॉनेट पाहून चुगली केली होती.

इक्बालने फोनवर हात ठेवला. चेहरा उतरलेला. "काका, विचारतोय गाडी बंद पडली का. खोटं सांगू?"

"खोटं कशाला? बंद पडली नाही. बंद केली."

"फरक काय त्यात?"

"तू झोपलास आणि तू चक्कर येऊन पडलास, यात फरक नाही?"

इक्बालची अरबी बाजारापुरती आहे. पण इथले लोकही गाडी बंद करण्याला 'बन्नद' म्हणतात, आपल्या 'बंद'चाच भाऊ वाटावा असा शब्द. तो जरा थांबला आणि म्हणाला, "हुवा बन्नद, मू सय्यारा." यानं बंद केली, गाडीनं नाही.

पलीकडून मग प्रश्न आला, का बंद केली?

इक्बालने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सांग, थांबलोय. चहाचा कप हातात आहे."

त्याने तसं सांगितलं. मी कप हातात धरूनच होतो. फिल्टरचं पाणी त्यातच काढलं होतं. फोन ठेवल्यावर त्याने कपात डोकावून पाहिलं.

"काका, हा माझा कप आहे."

* * *

इथे पाऊस क्वचित पडतो. म्हणून वायपरकडे कुणी बघत नाही. आमच्या वायपरचं रबर उन्हाने भाजून गेलं होतं आणि नेमका साखीरच्या वाटेवर पाऊस आला. समोर काही दिसेना. रस्त्याकडेला चांगल्या चांगल्या गाड्या दिवे लुकलुकवत उभ्या. थांबलो असतो तर कुणीतरी मालकाला कळवलं असतंच.

हौद्यात एका कॅम्पचं रेशन होतं. मी पोत्यातून एक बटाटा काढला, सुरीने अर्धा कापला आणि काचेवर बाहेरून चोळला. पाणी काचेवर धरेना, घसरून जाऊ लागलं. हळूहळू निघालो, पोचलो.

कॅम्पवरच्या आजीबाई मोठ्या हिशेबी. पोतं उघडलं तर वर अर्धा बटाटा. तो दोन बोटांत धरून माझ्यासमोर आल्या. बाकीचा कुठे म्हणून हातानेच विचारलं.

मी काचेकडे बोट दाखवलं.

त्या काचेजवळ गेल्या, बोट फिरवलं, वास घेतला. मग आत गेल्या आणि परत आल्या ते सबंध बटाटा घेऊन. माझ्या हातात दिला. परतीचा.

* * *

आता शेवटचा. हंगाम संपत आला होता. अबू खालिदच्या स्वतःच्या घरचा तंबू काढून आणायचा होता. मी, इक्बाल आणि पुढे आपल्या नव्या गाडीतून खालिद.

दोन दिवस आधी पाऊस झाला होता. तिथे खारी जमीन आहे, सबखा म्हणतात. वरून सुकलेली दिसते, खाली लोणी. मी पक्क्या वाटेनेच तंबूपर्यंत गेलो. पण सामान जड, म्हणून खालिद म्हणाला, गाडी वळवून पाठ तंबूच्या दाराशी लाव. मी नको म्हणालो. तो म्हणाला, बाबांचं सांगणं आहे. लावली. मागची दोन्ही चाकं बुडाली.

फोर-व्हीलचा दांडा लाथ मारल्याशिवाय पडत नाही. लाथ मारली, दांडा पडला, चाकं आणखी खाली गेली. मी बंद केली आणि उतरलो.

खालिदने फोन काढला. आधी रिकव्हरीला लोकेशन पाठवलं. मग वडिलांना कळवलं. अबू खालिद म्हणाला, येतोच.

इक्बाल चाकांकडे वाकून बघून आला. मग हळूच म्हणाला, "काका, आता?"

"आता गालिचे आण."

"कुठले?"

"तंबूतले."

"अहो, हे मालकाच्या मजलिसचे, पाहुण्यांच्या बैठकीचे आहेत."

"म्हणूनच जाड आहेत."

आम्ही हौद्यातलं सामान, पाण्याची टाकी धरून, उतरवलं. चारी टायरांची हवा निम्मी सोडली, म्हणजे टायर पसरतो आणि रुततो कमी. चाकांपुढे फावड्याने उकरलं, गालिचे घातले, नक्षी खाली करून. पहिला गिअर टाकला. ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. डिझेल गाडीला आपल्या चालीने जाऊ द्यावं. ती गालिच्यावर चढली, दुसऱ्या गालिच्यावर आली, पक्क्या वाटेवर उभी राहिली. इक्बालने गालिचे झटकले आणि नक्षी आत करून गुंडाळले.

तेवढ्यात रिकव्हरी आली. ड्रायव्हर खान, पेशावरकडचा तरुण गडी. वाट सोडून, मोबाइलमधल्या खुणेकडे नाकासमोर सरळ. मी दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं मी बोलावतोय. त्याने वेग वाढवला.

पुढची चाकं गेली. मग मागची.

खान उतरला, चिखलातून चालत आला. पिकअप पाहिली, चहूबाजूंनी पाहिली. "फसी हुई गाडी कौनसी है?"

इक्बाल म्हणाला, "अब तो तुम्हारी."

आम्ही पाण्याची टाकी परत हौद्यात चढवली, तीही भरलेली. मागच्या चाकांवर वजन पाहिजे. पिकअप पक्क्या वाटेवर, खानचे ओढायचे दोन पट्टे जोडून लांब केले आणि दोन्ही गाड्यांना बांधले. खानला सांगितलं, तू फक्त स्टिअरिंग सरळ धर. गालिचे पुन्हा खाली गेले, या वेळी इक्बालने न विचारता घातले. पट्टा ताणला. गाडीने काळा धूर सोडला, बॉनेट थरथरलं, क्लचचा वास आला. एक वीत. मग एक हात. मग रिकव्हरी उठली आणि आमच्या मागे येऊ लागली.

तेव्हाच अबू खालिदची गाडी आली.

त्याला लांबून रिकव्हरी दिसली आणि तिला बांधलेली पिकअप. काच खाली केली आणि तिथूनच ओरडला, "मैं बोला था. खलास."

मी गाडी चालवत राहिलो. तो जवळ आला, उतरला. पट्ट्याचं एक टोक पाहिलं, दुसरं टोक पाहिलं. पुढे कोण, मागे कोण, ते पुन्हा एकदा पाहिलं. मुलाकडे पाहिलं. खालिद मोबाइलमध्ये बघत होता.

खान खाली उतरला, हात पुसले आणि अबू खालिदला सलाम केला. "अरबाब, एक बात. ये चाचा हमको दे दो. हमारे पास काम करेगा. व्हिसा हमारा कंपनी देगा."

अबू खालिद माझ्याकडे बघत राहिला. मी पट्टा सोडत होतो.

"ये बुड्ढा गाडी के बगैर नहीं जाता," तो म्हणाला. "और गाडी मैं नहीं देता."