नारळ तुमचा, डोंगर माझा

"नारळ तुमचा, डोंगर माझा," असं म्हणत पेंटर ब्रश कानावर अडकवायचे, आणि समोरचा टेम्पोवाला तिथंच हरायचा.

टेम्पोच्या मागे तुम्हीही कधी अडकला असालच. फाळक्यावर ठरलेलं चित्र असतं: झोपडी, नदी, नारळाची झाडं, मावळता सूर्य. आमच्या पारनेरात नारळ दिसतो तो देवापुढे फोडायला, पण गिऱ्हाइकाला झाडंच हवीत. माझं टायरचं दुकान पेंटरांच्या शेडला लागून, त्यामुळे हा वाद मी रोज फुकट ऐकला.

पेंटरांना काढायचा असायचा गावामागचा उघडा डोंगर. खडक, बाभळी, पिवळं गवत. त्यावर घर चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून अर्धा फाळका नारळाचा, अर्धा डोंगराचा. नारळ ते गप्पा मारत उरकायचे. डोंगर सुरू झाला की चहा निवायचा आणि मी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.

"अख्खा डोंगर काढा की एकदा," मी चिडवायचो.

"काढीन की. मागनारा तर येऊ द्या."

हसून म्हणायचे, पण मला वाईट वाटायचं.

मागणारा आला तो घोडेगावच्या बाजारात जनावरं पोचवणारा. त्याचा टेम्पो पूर्वी पेंटरांनीच रंगवलेला. म्हणाला, "ह्या खेपेला नारळ नको. निस्ता डोंगर काढा. लांबच्या भाड्याला ढाब्यावर उतरलो की मागं जाऊन बघतो. लई आपल्याकडचं वाटतं."

 दुसऱ्या दिवशी पेंटर चांगला शर्ट घालून आले आणि कामात डबाही विसरले. संध्याकाळी मी बघायला गेलो. दगडाला हात लावला तर चटका बसेल असा डोंगर उतरला होता. आणि डाव्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, ऐटीत उभा नारळ.

"पेंटर, हे काय?"

त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "हात गेला वो सवयीनं." मग पोट धरून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. झावळ्या पुसून त्यांनी तिथं बाभळीच्या काटेरी फांद्या काढल्या.

हल्ली ते नगरला लेकीकडे असतात. शेडमध्ये मोबाईलचं दुकान झालंय. परवा रस्त्यात तोच टेम्पो माझ्या पुढे लागला. पुढे जायला जागा होती, पण मी गेलो नाही. डोंगराचा रंग थोडा विटलाय. कोपऱ्यातली बाभूळ मात्र अजून नारळासारखीच उंच, जराशी वाकून उभी आहे.